मोलचे गणित: ग्रॅमवरून अणूंपर्यंत आणि परत

एका सराव परीक्षेच्या पेपरात मला तांब्याच्या एका अणूचे वस्तुमान ३.८२ × १०^२५ ग्रॅम असे लिहिलेले सापडले. आकडेमोड चोख होती, लॉग टेबल नीट पाहिले होते, उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. फक्त तो अणू निम्म्या चंद्राएवढा जड भरत होता. चंद्राचे वस्तुमान साधारण ७.३५ × १०^२२ किलो आणि या पोराचा अणू ३.८२ × १०^२२ किलो. भागायचे तिथे गुणले होते, एवढीच चूक.

मोलच्या गणितात बहुतेकांचे असेच होते. गुणाकार-भागाकार येतो, सूत्र पाठ असते, पण आपण कशाचे काय करतो आहोत हे हातातून निसटते. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोल पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो दोन मार्कांचा असतो. अकरावी सायन्सला तोच पहिल्याच धड्यात छातीवर बसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी तर अणूचा ॲटम, रेणूचा मॉलिक्यूल आणि वस्तुमानाचा मास एका उन्हाळ्यात होतो. गणित मात्र तेच राहते. ते इथे सावकाश, एकेक पायरी करत सोडवू. (१०^२३ म्हणजे १० चा २३ वा घात, १०^-२२ म्हणजे उणे २२ वा घात, पुढे सगळीकडे असेच लिहिले आहे.)

मोजायचे आहे, म्हणून तोलायचे

हार्डवेअरच्या दुकानात दोनशे खिळे मागा. दुकानदार एकेक खिळा मोजत बसत नाही. त्या मापाचा एक खिळा अडीच ग्रॅमचा असेल, तर तो अर्धा किलो तोलून कागदात बांधून देतो. त्याने वजन केले, पण तुम्हाला मिळाली ती संख्या. रसायनशास्त्रात नेमके हेच करतात, कारण अभिक्रिया ग्रॅमच्या हिशोबाने होत नाहीत, नगाच्या हिशोबाने होतात. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो. त्यांचे वजन किती याच्याशी त्याला देणेघेणे नसते. प्रयोगशाळेत मात्र तराजू असतो, अणू मोजणारे यंत्र नसते. मग तराजूवरून नगांकडे जायचे कसे?

त्यासाठी ठोक मोजणीचे एक माप लागते. हापूस डझनाने विकतात, कोकणात नारळ शेकड्याने मोजतात. डझनभर अंडी आणि डझनभर नारळ यांचे वजन सारखे नसते, पण नग दोन्हीकडे बाराच. मोल हे तसेच मोजणीचे माप आहे, फक्त नग फार सूक्ष्म असल्यामुळे माप फार मोठे आहे: ६.०२२ × १०^२३. भास्कराचार्यांनी दिलेल्या एकं, दहं, शतंच्या यादीत शेवटचे स्थान परार्धाचे, म्हणजे १०^१७. एका मोलमध्ये असे सुमारे साठ लाख परार्ध मावतात.

आता इतका वेडावाकडा आकडा कशाला निवडला, सरळ १०^२४ का नाही, हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतोच, आणि तो विचारायलाच हवा. कारण याच्या उत्तरात अर्धा धडा आहे.

कार्बन-१२ च्या एका अणूचे वस्तुमान १२ एकके धरले, तर तांब्याचा सरासरी अणू ६३.५ एककांचा येतो. ही एकके ग्रॅमची नव्हेत, अणूंच्या आपापसातल्या तुलनेची आहेत. आता कार्बनचे इतके अणू घ्या की त्यांचे वजन १२ ग्रॅम होईल. तेवढेच नग तांब्याचे घेतले, तर प्रत्येक नग त्याच प्रमाणात जड असल्यामुळे एकूण वजन ६३.५ ग्रॅमच होणार. सोन्याचे घेतले तर १९७ ग्रॅम. म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू मावतात तितक्यांना एक मोल म्हटले, की आवर्तसारणीतला आकडा जसाच्या तसा उचलून पुढे ग्रॅम लिहिता येतो. ही सोय हवी होती. त्यासाठी किती अणू लागतात ते मोजून पाहिले, तेव्हा ६.०२२ × १०^२३ निघाले. आकडा आधी ठरवला नाही, सोय आधी ठरवली.

ज्याच्या नावाने हा अंक ओळखला जातो त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोला तो ठाऊक नव्हता. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते, एवढे त्याने १८११ मध्ये मांडले. रेणू किती लहान असतात याचा पहिला अंदाज लोश्मिटने १८६५ मध्ये बांधला आणि ॲव्होगॅड्रोचे नाव या अंकाला जाँ पेराँने १९०९ मध्ये दिले. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी फिरवली गेली: आता ६.०२२१४०७६ × १०^२३ हा आकडाच पक्का ठरवलेला आहे, आणि मोल म्हणजे तितके कण. तुमच्या गणितात त्याने काहीही बदलत नाही, पण ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणू’ ही व्याख्या आता जुनी झाली हे माहीत असू द्या.

थेट गाडी नाही

ग्रॅमवरून अणूंकडे थेट एसटी नाही. मोलच्या स्टँडवर उतरून गाडी बदलावी लागते, जाताना आणि येतानाही.

ग्रॅम ते मोल या टप्प्याचे तिकीट म्हणजे मोलर वस्तुमान, एका मोलचे ग्रॅममधले वजन. मोल ते कण या टप्प्याचे तिकीट म्हणजे ॲव्होगॅड्रो अंक. ग्रॅमकडून निघालात तर आधी मोलर वस्तुमानाने भागायचे, मग ॲव्होगॅड्रो अंकाने गुणायचे. कणांकडून निघालात तर आधी ॲव्होगॅड्रो अंकाने भागायचे, मग मोलर वस्तुमानाने गुणायचे. रेणूंवरून त्यातल्या अणूंवर जायचे असेल तर एक छोटी रिक्षा उरते: एका रेणूत ते अणू किती, तेवढ्याने गुणायचे.

हे पाठ करायला क्लासमध्ये त्रिकोण शिकवतात: वर एक अक्षर, खाली दोन, हवे त्यावर बोट ठेवायचे. मला तो त्रिकोण आवडत नाही. त्यात बोट कुठे ठेवायचे हे आठवते आणि का ठेवायचे हे विसरते, आणि चंद्राच्या वजनाचे अणू तिथूनच निघतात. त्याऐवजी पाचवी-सहावीपासून येत असलेले त्रैराशिक मांडा. १९७ ग्रॅम सोने म्हणजे १ मोल, तर १० ग्रॅम म्हणजे किती? मोल कमी येणार हे मांडतानाच दिसते, म्हणजे भागाकार. १ मोलमध्ये ६.०२२ × १०^२३ अणू, तर त्या थोड्याशा मोलमध्ये किती? गुणाकार. गणित लांबले की दोन त्रैराशिके एका ओळीत जोडायची आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहायचे. ग्रॅमने ग्रॅम कटला, मोलने मोल कटला आणि शेवटी जे एकक हवे तेच उरले, तर मांडणी बरोबर. त्या पेपरातल्या पोराने ‘ग्रॅम प्रतिमोल × अणू प्रतिमोल’ असे एकक लिहिले असते, तर काही कटत नाही हे त्याला तिथेच कळले असते.

आणि एककापुढे आणखी एक शब्द लिहायचा: कशाचे. ‘०.५ मोल’ हे अर्धे उत्तर आहे. ०.५ मोल पाण्याचे रेणू, ०.५ मोल तांब्याचे अणू, ०.५ मोल सोडियम आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण), असे पूर्ण लिहा. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ म्हणजे किती ग्रॅम? अणूंचा असेल तर १६, हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूंचा असेल तर ३२, ओझोनचा असेल तर ४८. मी पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्याअधिक या एका शब्दाअभावी झालेल्या आहेत.

आधी मोलर वस्तुमान

हे अणुवस्तुमान लागतील: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, ॲल्युमिनियम २७, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, लोह ५६, तांबे ६३.५, आयोडीन १२७, सोने १९७. शालेय गणिताला इतकी अचूकता पुरते. पेपरात वेगळा आकडा दिला असेल तर तोच घ्या.

संयुगासाठी नुसती बेरीज. पाण्यात दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन: २ + १६ = १८ ग्रॅम प्रतिमोल. साखरेत बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन: १४४ + २२ + १७६ = ३४२. मिठात एक सोडियम, एक क्लोरीन: २३ + ३५.५ = ५८.५. मिठाचे रेणू नसतात, स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयनांची रांग असते. म्हणून तिथे रेणू न म्हणता सूत्र एकक म्हणतात. हिशोब तोच.

सूत्रात कंस असेल तर कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येकाला लागतो. चुन्याच्या निवळीतले कॅल्शियम हायड्रॉक्साइड: कॅल्शियम ४०, अधिक दोनदा ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, २ × १७ = ३४, एकूण ७४. ज्यांना ५७ आले, त्यांनी कंस एकदाच मोजला.

एक पेला पाणी

सोप्यापासून सुरुवात करू. १८० मिलिलिटरचा पेला. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली तर पाणी १८० ग्रॅम. १८० ÷ १८ = १० मोल, पाण्याच्या रेणूंचे. रेणू १० × ६.०२२ × १०^२३ = ६.०२२ × १०^२४. प्रत्येक रेणूत तीन अणू, म्हणून एकूण अणू १.८१ × १०^२५. त्यातले हायड्रोजनचे दोन तृतीयांश, १.२० × १०^२५.

इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर असते हे कुठेतरी वाचलेले असते आणि १८० मिलिलिटरला २२,४०० ने भागून मोकळे होतात. उत्तर ०.००८ मोल. पण २२.४ लिटर फक्त वायूंसाठी आणि तेही ० अंश सेल्सियस तापमानाला आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला. दाब १ बार धरला तर २२.७ लिटर, काही पुस्तके हा धरतात, काही तो, तेव्हा आपल्या पुस्तकात काय आहे ते पाहून ठेवा. द्रव पाण्याचा एक मोल जेमतेम १८ मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे.

एक तोळा

आता अशुद्ध पदार्थ. सराफाकडून २२ कॅरेटचा एक तोळ्याचा दागिना घेतला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. हॉलमार्कवर ९१६ लिहिलेले असते, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, बाकी तांबे-चांदीसारखे धातू. अणू सोन्याचे मोजायचे आहेत, तेव्हा सोन्याचेच वजन हवे: १० × ०.९१६ = ९.१६ ग्रॅम. ९.१६ ÷ १९७ = ०.०४६५ मोल. × ६.०२२ × १०^२३ = २.८० × १०^२२ सोन्याचे अणू.

शुद्धता टक्क्यांत दिली की ती सगळ्यात आधी, ग्रॅमच्या पायरीवर लावा. शेवटी लावली तरी उत्तर तेच येते, पण शेवटपर्यंत ती आठवणीत राहत नाही.

उलटा प्रवास: लोखंडाचे ३.०११ × १०^२२ अणू हवेत, किती ग्रॅम तोलू? आकडा ६.०२२ च्या निम्मा आहे आणि घात एकाने कमी, म्हणजे ०.०५ मोल. ०.०५ × ५६ = २.८ ग्रॅम. असे आकडे ओळखायची सवय लावा. ३.०११ दिसले की निम्मे, १.५०५५ दिसले की पाव, १२.०४४ दिसले की दुप्पट. नीट, जेईई, सीईटी यांत कॅल्क्युलेटर नसतो आणि पेपर काढणारे मुद्दाम असे आकडे देतात. उत्तराचे पर्याय ॲव्होगॅड्रो अंकाच्या चिन्हात दिलेले असतील, तर ६.०२२ ने गुणूच नका.

मोरचूद: जिथे पाण्याचेही वजन होते

द्राक्षबागेत किंवा पावसाळ्यापूर्वी सुपारीच्या बागेत मारतात ते बुरशीनाशक, एक टक्का बोर्डो मिश्रण घ्या: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. कोकणात सुपारीच्या कोळेरोगासाठी फवारणाऱ्या कोणालाही हे प्रमाण तोंडपाठ असते. यात तांबे किती?

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण नुसते नव्हे. त्याच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. तापवले की ते पाणी निघून जाते आणि निळी खडी पांढरी पडते. तराजूवर मात्र हे पाणीही चढते. म्हणून मोलर वस्तुमान असे: तांबे ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, मिळून १५९.५; त्यात पाण्याचे ५ × १८ = ९०. एकूण २४९.५.

१ किलो म्हणजे १००० ग्रॅम. १००० ÷ २४९.५ = ४.०१ मोल मोरचूद. प्रत्येक एककात तांबे एकच, म्हणून तांबेही ४.०१ मोल, म्हणजे सुमारे २५४.५ ग्रॅम. किलोभर मोरचुदात तांबे जेमतेम पाव किलो! पाणी प्रत्येकी पाच, म्हणून २०.०४ मोल, गुणिले १८, सुमारे ३६१ ग्रॅम. जी कोरडी खडी आपण पोत्यातून हाताने काढतो, तिच्यात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त पाणी असते.

पाणी विसरून १५९.५ ने भागले तर ६.२७ मोल येतात, खऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त. हायड्रेटच्या, म्हणजे असे पाणी धरून ठेवणाऱ्या स्फटिकांच्या, गणितातली ही सर्वात महागडी चूक. सूत्रात मध्ये ठिपका दिसला की थांबा. तो ठिपका गुणाकाराचा नाही, ‘आणि सोबत इतके पाणी’ असा आहे.

कणांकडे जाऊ. ४.००८ × ६.०२२ × १०^२३ = २.४१ × १०^२४ तांब्याचे आयन. ते शंभर लिटरमध्ये पसरले, तेव्हा फवाऱ्याच्या एका लिटरमध्ये २.४१ × १०^२२. (इथे ४.०१ ऐवजी ४.००८ घेतले, कारण मधल्या पायऱ्यांत एखादा अंक जास्त ठेवून शेवटीच पूर्णांकन करायचे.)

ऑक्सिजनचे अणू विचारले तर? सल्फेटमधले चार आणि पाण्यातले पाच, एका एककात नऊ. म्हणून ९ × २.४१४ × १०^२४ = २.१७ × १०^२५. चार धरून सोडणाऱ्यांची संख्या फार असते.

आणि चुना? भाजलेला कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मोलर वस्तुमान ५६. शुद्ध असेल तर १ किलोत १७.९ मोल. विरलेला असेल तर ७४ ने भागायचे, १३.५ मोल. दोन्हीकडे वजन एकास एक, पण नगांत चुना तांब्याच्या तिपटीहून जास्त. हे मुद्दामच असते: मोकळे तांबे पानांना भाजते, ते चुन्याने बांधून टाकायचे असते. बाजारातला चुना जुना किंवा भेसळीचा निघू शकतो, म्हणून शेतकरी मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना आणखी घालायचा. लोखंडाचा एक अणू विरघळतो, तांब्याचा एक बाहेर बसतो. विळ्यावर मोलचेच गणित चाललेले असते, वही न उघडता.

चिमूटभर आयोडीन

मोठ्या आकड्यांची भीती गेली की लहान आकडे त्रास देतात. आयोडीनयुक्त मीठ ग्राहकाच्या हाती पडते तेव्हा त्यात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. १ किलो मिठात १५ मिलिग्रॅम. चमचाभर, ५ ग्रॅम मीठ घेतले तर आयोडीन १५ ÷ २०० = ०.०७५ मिलिग्रॅम.

इथे आधी ग्रॅम करा. मिलिग्रॅम तसेच ठेवून १२७ ने भागले की उत्तर हजारपट चुकते, आणि ते उत्तर दिसायला अगदी सालस असते. ०.०७५ मिलिग्रॅम = ७.५ × १०^-५ ग्रॅम. ÷ १२७ = ५.९१ × १०^-७ मोल. × ६.०२२ × १०^२३ = ३.५६ × १०^१७ आयोडीनचे अणू. म्हणजे साडेतीन परार्ध! तेवढ्याच चमच्यात मिठाची सूत्र एकके ५ ÷ ५८.५ = ०.०८५५ मोल, म्हणजे ५.१५ × १०^२२. भागून पाहा: सोडियमच्या जवळपास दीड लाख आयनांमागे आयोडीनचा एक अणू.

मोल उणे घातात आले तर घाबरू नका. अणूंची संख्या उणे घातात आली तर मात्र नक्की घाबरा.

लॉग टेबलने

बारावी बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. ५ ग्रॅम तांब्यातले अणू काढू.

५ चा लॉग ०.६९९०. ६३.५ चा १.८०२८. वजाबाकी उणे १.१०३८ येते. पण टेबलात उणे दशांश नसतात, म्हणून ते बार २.८९६२ असे लिहायचे: उणे २ आणि अधिक ०.८९६२. अँटिलॉग ७.८७४, बार २ म्हणून ०.०७८७४ मोल.

हे लिहून झाले की पुढे त्याच लॉगमध्ये चला, अँटिलॉगवरून परत लॉगवर जाऊ नका. ६.०२२ चा लॉग ०.७७९७. बार २.८९६२ मध्ये मिळवा: दशांशांची बेरीज १.६७५९, हातचा एक उणे २ मध्ये जातो, उरले बार १.६७५९. अँटिलॉग ०.४७४१. आता बाजूला ठेवलेला १०^२३ परत आणा: ०.४७४१ × १०^२३ = ४.७४ × १०^२२ अणू. दहाचा घात पहिल्यापासून बाजूला ठेवायचा, त्याला टेबलात ओढायचे नाही.

घरी कॅल्क्युलेटरवर सराव करत असाल तर ६.०२२ नंतर गुणिले, १०, घात असे दाबत बसू नका. घाताची वेगळी कळ असते, ती दाबून २३ लिहा. भागताना गुणिले-१०-घात असे दाबले तर यंत्र ६.०२२ ने भागते आणि १०^२३ ने गुणते.

आकडेमोड न करता

एक प्रकार परीक्षेत हमखास येतो: प्रत्येकी १ ग्रॅम लोखंड, मॅग्नेशियम, ओझोन, मिथेन, सर्वात जास्त अणू कशात? ॲव्होगॅड्रो अंक सगळ्यांना सारखाच लागणार, तेव्हा तो विसरा. लोखंड १/५६, मॅग्नेशियम १/२४. ओझोनच्या रेणूत तीन अणू, म्हणून ३/४८ = १/१६. मिथेनच्या रेणूत एक कार्बन, चार हायड्रोजन, म्हणून ५/१६. मिथेन. प्रश्नात अणूंऐवजी रेणू विचारले असते, तर मिथेन १/१६ आणि ओझोन १/४८. पुन्हा तेच, कशाचे?

उत्तर लिहिल्यावर दहा सेकंद त्याकडे बघा. हातात मावणाऱ्या, काही ग्रॅमच्या पदार्थात अणू साधारण १०^२१ ते १०^२५ यांच्या दरम्यान येतात. एका अणूचे किंवा लहान रेणूचे वस्तुमान १०^-२४ ते १०^-२१ ग्रॅमच्या आसपास. त्या पेपरातले खरे उत्तर ६३.५ ÷ (६.०२२ × १०^२३) = १.०५ × १०^-२२ ग्रॅम.

सरावासाठी

उत्तरे खाली आहेत, पण आधी वहीत करा.

१. चमचाभर, ५ ग्रॅम साखरेत कार्बनचे अणू किती?
२. ४.७४ ग्रॅम तुरटीत ऑक्सिजनचे अणू किती? तुरटीच्या एका एककात एक पोटॅशियम, एक ॲल्युमिनियम, दोन सल्फेट आणि पाण्याचे बारा रेणू असतात.
३. अमोनियाचे १.५०५५ × १०^२३ रेणू किती ग्रॅमचे? अमोनियात एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन.
४. २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे ० अंश सेल्सियस आणि १ ॲटमॉस्फिअरला आकारमान किती, आणि त्यात ऑक्सिजनचे अणू किती?
५. एक कॅरेटच्या हिऱ्यात कार्बनचे अणू किती?

पहिल्याचे उत्तर १.०६ × १०^२३, ०.०१४६ मोल साखर, गुणिले बारा. दुसऱ्यात मोलर वस्तुमान ४७४, म्हणून ०.०१ मोल, एका एककात ऑक्सिजन आठ अधिक बारा, वीस, ०.२ मोल ऑक्सिजन, १.२० × १०^२३ अणू. तिसऱ्यात पाव मोल, ४.२५ ग्रॅम. चौथ्यात ०.०५ मोल, १.१२ लिटर, आणि ऑक्सिजनचे अणू ६.०२२ × १०^२२.

पाचव्यात कॅरेट शब्दाने फसू नका. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, हिऱ्याचा कॅरेट वजनाचा: ०.२ ग्रॅम. हिरा म्हणजे कार्बनच, तेव्हा ०.२ ÷ १२ = ०.०१६७ मोल, आणि अणू १.०० × १०^२२. उत्तरात दुसरा आकडा आला असेल तर बहुधा तुम्ही २२ किंवा २४ ने भागून बसला आहात.